नव्वद रुपयांचा उदाहरणसंग्रह आणि आमची मेस: आठ महिन्यांनंतर

पुस्तकाचं नाव आणि प्रकाशन विचारू नका, कारण मुखपृष्ठासकट पहिली बारा पानंच गायब आहेत. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं. वर खाकी कव्हर, त्यावर कुणीतरी बॉलपेनने ‘अकौंट्स’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. दुकानदाराने एकशे वीस सांगितले, मी नव्वद दिले. आत सव्वाचारशेच्या आसपास गणितं आणि शेवटी उत्तरं. कीर्द (रोजच्या व्यवहारांच्या नोंदी), खतावणी (त्याच नोंदी खात्यांप्रमाणे), तेरीज (दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का ते बघायचा तक्ता), अंतिम खाती (नफा-तोटा आणि ताळेबंद), घसारा (वापराने घटणारी किंमत), बँक जुळवणी (आपली वही आणि पासबुक ह्यांतला फरक) अशी नेहमीची प्रकरणं, आणि शेवटच्या तीसेक पानांत थोडं वित्त: चक्रवाढ, आजचं मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत), यंत्र घ्यावं की नको वगैरे. अकरावी-बारावी आणि एफवाय बीकॉमच्या मुलांसाठी काढलेलं असावं. मी मात्र चाळिशीतली, कला शाखेची, आणि परीक्षा कुठलीच द्यायची नव्हती.

मग घेतलं कशाला? सदाशिव पेठेत आमची मेस आहे. चोवीस वर्षं सासूबाईंनी चालवली, दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि गल्ला माझ्याकडे आला. शॉप ॲक्ट अजून त्यांच्याच नावावर, कागदोपत्री मालक त्याच. गेल्या एप्रिलमध्ये खात्यात बरे पैसे दिसत होते म्हणून मी २४,००० रुपयांचा जुना डीप फ्रीझर घेतला. मेमध्ये परीक्षा संपल्या, एकतीस मुलं गावी निघाली आणि प्रत्येकाने ५०० रुपये डिपॉझिट मागितलं. द्यायचे होते १५,५००, खात्यात होते सहा हजार. नणंदेकडून उसने आणले. आमच्या सीएंना सांगितलं तर ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, “ताई, ते पैसे तुमचे कधी नव्हतेच. ते देणं होतं.” आणि ताळेबंदातली ती ओळ बोटाने दाखवली. मी त्या कागदावर गेली दोन वर्षं सासूबाईंची सही घेत होते आणि वाचत एक अक्षर नव्हते. त्याच आठवड्यात चौकात गेले.

पहिले दोन महिने नुसती कीर्द. रोज रात्री भांडी आवरली की साडेदहाला दोन गणितं, जास्त नाही. घेणाऱ्याचं खातं नावे (डेबिट), देणाऱ्याचं जमा (क्रेडिट). येतं ते नावे, जातं ते जमा. खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफा जमा. हे तीन नियम पाठ व्हायला एक संध्याकाळ लागते, हाताला लागायला दीड महिना. माझी गाडी अडली ती पासबुकापाशी. बँकेत पैसे भरले की पासबुकात ‘जमा’ येतं, मग माझ्या वहीत बँक खातं ‘नावे’ का? तीन दिवस मला वाटलं पुस्तकातच चूक आहे. मग पेटलं: पासबुक ही बँकेची वही आहे. माझे पैसे तिच्यासाठी देणं, म्हणून तिच्याकडे मी जमेला. माझ्या वहीत तेच येणं, म्हणून नावे. एकच व्यवहार, दोन घरांत दोन बाजूंना. मेंबरचं डिपॉझिट माझ्या वहीत जमेच्या बाजूला का बसतं, तेही मग आपोआप कळलं, कारण तिथे बँकेच्या जागी मी.

ऋणको आणि धनको ह्या शब्दांनी छळलं. शेवटी समासात पेन्सिलने लिहिलं, ‘ऋणको = आपल्याला देणं लागतो, उदा. सोमवारी देतो म्हणणारा’. सीए डेटर्स-क्रेडिटर्स म्हणतात, पुस्तक असं म्हणतं, आणि सासूबाई ‘उधारी’ आणि ‘वाण्याचे’ म्हणतात. माणसं तीच.

गणितांचा दर्जा? कीर्द-खतावणीची चढण चांगली आहे, सोप्यापासून हळूहळू. चूक शोधण्याच्या प्रकरणावर माझा सगळ्यात जास्त जीव जडला. तेरीज जुळली नाही तर फरकाला आधी ९ ने भागून बघायचं. निःशेष भाग गेला तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झालेली असते: ५,४२० च्या जागी ५,२४० लिहिलं की फरक १८०. फरकाचं निम्मं करून ती रक्कम कुठे सापडते का बघायचं, कारण ५४० चुकीच्या बाजूला गेले की फरक १,०८० चा पडतो. दोन्ही युक्त्या मी आमच्या वाण्याच्या वहीवर चालवल्या आणि ऑगस्टचा १८० चा घोळ पाच मिनिटांत सापडला. वाणी अजून विचारतो, वहिनी, तुम्हाला कसं कळलं.

पण ह्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं नाही. व्यवहार लिहायचाच राहिला तर दोन्ही बाजूंनी राहतो, तेरीज जुळतेच. फ्रीझर मालमत्तेऐवजी ‘दुरुस्ती खर्चा’त टाकला तरी जुळते. माझा फ्रीझर खरंच तिथे पडला होता, कारण मी सीएंच्या ऑफिसात पाठवलेल्या चिठ्ठीवर ‘फ्रीझर काम’ असं लिहिलं होतं.

उत्तरांबद्दल सावध करते. निदान पाच उत्तरं चुकीची आहेत. एकात ऋणको ८४,०००, समायोजनेत (तेरजेखालच्या जादा सूचनांत) आणखी ४,००० बुडीत धरा आणि ५ टक्के संशयित कर्ज निधी (बुडू शकणाऱ्या उधारीची तरतूद) काढा, असं होतं. आधी ४,००० वजा, मग ८०,००० वर ५ टक्के, म्हणजे ४,०००. पुस्तकाने सरळ ८४,००० वर काढून ४,२०० घेतले होते. माझा नफा २०० ने जास्त येत होता आणि दोन रात्री मी स्वतःलाच मूर्ख समजत होते. २०० ला ९ ने भाग जात नाही, १०० कुठे सापडत नाही. तिसऱ्या दिवशी सीएंच्या ऑफिसातल्या मुलीला फोटो पाठवला, तिने लगेच कळवलं की ताई, तुमचंच बरोबर. तेव्हापासून उत्तरांची पानं मी स्टेपल करून टाकली आहेत. आधी आपलं काढायचं, मग पिना उचकटायच्या. तेवढ्या कंटाळ्यामुळे गणित एकदा जास्त तपासलं जातं.

आता मालकाच्या उचलीचं. गणितात एक ओळ हमखास असते: ‘मालकाने ५,००० रुपयांचा माल स्वतःच्या उपयोगासाठी नेला.’ मी ती वीस वेळा सोडवली असेल, उचल खातं नावे, खरेदी खातं जमा, पुढचं गणित. एका दुपारी ताट वाढताना हात थांबला. घरातले आम्ही चौघं दोन्ही वेळा मेसमधलंच जेवतो! महिन्याच्या २४० थाळ्या. मी उत्साहात ६० रुपये थाळीने १४,४०० काढले आणि मग पुस्तकातल्याच एका गणिताने टोकलं, की नेलेला माल खरेदीच्या किमतीने धरायचा, विक्रीच्या नाही. आमची थाळी ३८ रुपयांत पडते. म्हणजे ९,१२० महिन्याला, वर्षाला लाखाच्या वर. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की मेसचा धान्य-भाजीचा खर्च फार वाढलाय. त्यातला चांगला लाखभर आमच्याच पोटात जात होता. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, “घरात जेवलो तेही लिहायचं का आता?” लिहायचं, असं सीएही म्हणाले.

ना नफा ना तोटा बिंदूची पुस्तकात अकरा गणितं आहेत, सगळी पंख्याच्या कारखान्याची. मी आमचं मांडलं. भाडं २२,०००, दोन मावशींचे पगार २२,०००, वीज आणि किरकोळ ५,०००; स्थिर खर्च ४९,०००. थाळीमागे ६० वजा ३८, उरतात २२. ४९,००० भागिले २२ म्हणजे २,२२८ थाळ्या. एका मेंबरच्या महिन्याला ६०, तर ३८ मेंबर हवेत. आमचे ५८ आहेत, मी निवांत. मग दिवाळी आली, मेस दहा दिवस बंद. भाडं आणि पगार थांबत नाहीत, पण प्रत्येकाच्या थाळ्या ४० वर येतात. पुन्हा भागलं तर ५६ मेंबर! दिवाळीच्या महिन्यात हात कायम आखडलेला का असतो, हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा घरातल्या कुणीतरी कागदावर मांडलं.

आणि खाडे. मेसवाल्यांना ह्या शब्दाची धास्ती. पुस्तकाच्या हिशेबाने एक खाडा म्हणजे २२ रुपयांचं नुकसान, कारण थाळी विकली नाही तर तिचा ३८ चा खर्चही वाचतो. वाचतो का पण? सकाळी आठला मुलाचा मेसेज येतो, ‘काकू आजपासून चार दिवस नाहीये’. तोवर कणीक मळून झालेली, दुधी चिरलेला. त्या दिवशीचे दुपारचे ३८ गेलेलेच, वर ६० परत द्यायचे. पंख्याच्या कारखान्यात आदल्या रात्री किती पंखे लागतील ह्याचा प्रश्न येत नाही. नोव्हेंबरपासून दारावर पाटी लावली: खाडा आदल्या दिवशी रात्री आठच्या आत कळवला तरच धरला जाईल. चार मुलं रुसली, एक सोडून गेला, आणि रात्री उरणारी भाजी डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. नव्वद रुपये इथेच वसूल.

धंद्यातला खरा प्रश्न छापलेलाच नसतो, हीच ह्या पुस्तकाबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे, आणि एका अर्थी सगळ्याच अशा पुस्तकांबद्दलची. तेरजेखाली ‘समायोजना’ म्हणून सहा-सात ओळी छापलेल्या असतात: अखेरचा माल इतका, भाडं देणं इतकं, घसारा १० टक्के. विद्यार्थ्याने त्या फक्त योग्य जागी न्यायच्या. मेसमध्ये समायोजना मला कोण छापून देणार? १६ मार्चला मुलगा ३,६०० भरतो, त्यातले ३१ मार्चपर्यंतचे सोळा दिवसांचे १,९२० ह्या वर्षाचे आणि १,६८० पुढच्या वर्षाचे, म्हणून आज देणं. हे गणित सोडवायला सोपं आहे. ते तिथे आहे हे दिसायला मला चार महिने लागले. म्हणून ऑक्टोबरपासून पुस्तकातलं एक गणित सोडवलं की आमच्या मेसचं एक मी स्वतः रचते. आतापर्यंत सदतीस झाली आहेत.

वित्ताच्या पानांवर थोडक्यात. चक्रवाढ ठीक. आजच्या मूल्याचं कोष्टक मागे दिलंय, ते उपयोगी. पोळ्यांच्या मशीनवाला आला होता: किंमत १,४०,०००, वर्षाला ५४,००० वाचतील, चार वर्षं चालेल. १२ टक्क्यांनी चार वर्षांचा गुणक ३.०३७, म्हणजे त्या ५४,००० चं चार वर्षांचं आजचं मूल्य सुमारे १ लाख ६४ हजार. चोवीस हजार वरकड, घ्या. मग मी विचारलं वीज किती खातं आणि सर्व्हिसिंगचे किती. वर्षाला नऊ हजार धरले तर ४५,००० उरतात आणि उत्तर उणे तीन हजार तीनशेच्या आसपास येतं. विक्रेता म्हणाला, मॅडम, एवढा कुणी विचार करत नाही. शिवाय त्याच्या पोळीला पदर सुटत नव्हता, हे कोष्टकात कुठे बसवायचं!

जुनेपणा जाणवतो. बँक जुळवणीत अजून फक्त चेक वटतात आणि न वटता परत येतात. आमच्याकडे क्यूआरवर रात्री आलेले पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात दिसतात, तोच आमचा फरक. जीएसटीची गणितं १२ आणि २८ टक्क्यांची आहेत, ते टप्पे २२ सप्टेंबर २०२५ पासून जवळपास सगळ्या वस्तूंसाठी गेले. रीत शिकायला चालतील, दर पाठ करू नका. विपत्रांचं (बिल्स ऑफ एक्स्चेंज, म्हणजे हुंड्यांचं) प्रकरण मी वगळलं. दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली ह्या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून मांडली, त्याला पाचशेवर वर्षं झाली, तरी आमच्या पुस्तकातला व्यापारी अजून २०,००० रोख आणि १०,००० चं फर्निचर घेऊनच धंद्याला बसतो आणि त्याच दिवशी मोहनला उधार माल विकतो. मोहनने पूर्ण पैसे दिल्याचं एकही गणित मला सापडलेलं नाही.

बारावीच्या मुलाने हे एकटं पुस्तक घेऊ नये, त्याला चालू अभ्यासक्रमाचंच लागेल. ज्याचा स्वतःचा छोटा धंदा आहे आणि सीएचा कागद वाचता येत नाही, त्याने असा कुठलाही जुना संग्रह घ्यावा, उत्तरांना पिना माराव्यात आणि वित्ताच्या पानांकडे वळायच्या आधी अंतिम खाती नीट करावीत. रोज दोनच गणितं.

परवा मार्चची रंगीत तालीम म्हणून शिल्लक माल मोजला. मार्केट यार्डातून आणलेला तांदूळ, डाळी, तेलाचे डबे, निळा सिलिंडर किती भरलेला ते उचलून बघून. सासूबाई खुर्चीवर बसून वहीत लिहीत होत्या. मध्येच म्हणाल्या, गेल्या मेमधल्या लोणच्याच्या तीन बरण्या आहेत, त्या धरायच्या ना? मी म्हटलं, हो, कैऱ्या, मसाला आणि तेलाच्या खर्चाने. त्यांनी लिहिलं, पेन थांबवलं आणि विचारलं, “आणि फोडी मी केल्या त्याचे?” मालकाच्या स्वतःच्या मेहनतीचे पैसे खर्चात धरत नाहीत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.