फौजी कारवाईत माणूस गेला, तर दाद कुठे मागायची?

अफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या मुलखात जवानांच्या गोळीने निरपराध माणूस गेला, की घरच्यांपुढे दोन दारं असतात: राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि न्यायालय. दोन्हींकडून मिळणारं वेगवेगळं आहे.

आयोगाकडे साधा अर्ज चालतो. वकील नको, फी नाही. मात्र घटनेला वर्ष उलटायच्या आत तो जायला हवा. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीत आयोग आपली माणसं तपासाला धाडू शकतो. सशस्त्र दलांच्या बाबतीत 1993च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याचं कलम 19 त्याचे हात बांधतं: केंद्राकडून अहवाल मागवायचा आणि शिफारस करायची, एवढंच. आसाम रायफल्स, सीआरपीएफही यातच मोडतात. आरोप असलेल्यांच्या वरिष्ठांनीच लिहिलेला अहवाल हा तपास नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

न्यायालयात वर्षं जातात, पण खरं बाहेर आलं ते तिथेच. मणिपुरातल्या 1528 मृत्यूंबद्दल 2012मध्ये याचिका झाली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या संतोष हेगडे समितीने सहा चकमकी तपासल्या. सहाही बनावट निघाल्या. मेलेल्यांत बारा वर्षांचा मुलगा होता. 2016मध्ये न्यायालयाने सांगितलं की अफ्स्पा म्हणजे सरसकट अभय नव्हे, आणि 2017मध्ये सीबीआय तपासाचा आदेश दिला.

शिक्षेची आशा मात्र जपून धरा. खटल्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. नागालँडमधल्या ओटिंगला डिसेंबर 2021मध्ये खाणीतून घरी परतणारे मजूर मारले गेले. राज्य पोलिसांनी 30 जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने परवानगी नाकारली, 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. काश्मिरातल्या पथरीबलला मारल्या गेलेल्या पाच जणांसाठी सीबीआयने आरोपपत्र दाखल केलं होतं. तो खटला सैन्याने स्वतःकडे घेतला आणि 2014मध्ये पुराव्याअभावी मिटवला.

म्हणून माझा सल्ला क्रमाचा आहे. आधी आयोग, कारण न्यायप्रविष्ट प्रकरण तो सहसा हाताळत नाही. काही महिन्यांत हालचाल दिसली नाही, तर उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्कांसाठीची थेट याचिका) करा आणि भरपाई व न्यायालयीन चौकशी दोन्ही मागा. रिटमधली भरपाई न्यायालयांनी केंद्राच्या परवानगीविना दिलेली आहे.

त्याआधी शवविच्छेदनाचा अहवाल आणि एफआयआरची प्रत हातात घ्या, आणि आरोपीच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. मणिपुरात गुन्हे मेलेल्यांवरच नोंदले गेले होते.