डायक्लोफिनॅक जेलमध्ये एन्हान्सर कुठला: डीएमएसओ, ओलिक ॲसिड की मेंथॉल?

एम.फार्मच्या प्रोजेक्टला डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचं जेल घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पेनिट्रेशन एन्हान्सर, म्हणजे औषध त्वचेतून आत जायला मदत करणारा घटक, कुठला टाकायचा? बरेच जण पेपर चाळतात आणि ज्याचा फ्लक्स (त्वचेतून औषध पार होण्याचा वेग) सगळ्यात जास्त, तो उचलतात. माझ्या मते निवड इथेच फसते.

अडसर असतो स्ट्रॅटम कॉर्नियमचा, म्हणजे त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराचा. जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर, पण मृत पेशींच्या विटा आणि मध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिडचा चुना अशी ती पक्की भिंत आहे. साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा पार होत नाही. डायक्लोफिनॅक 300च्या आसपास, म्हणजे आकाराची अडचण नाही. त्याचा सोडियम क्षार मात्र आयनच्या रूपात असतो आणि चरबीच्या थरातून जाताना अडतो.

ताकदीत डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक) वरचढ, पण तो भरपूर घालावा लागतो. अमेरिकेत 2009 साली मान्यता मिळालेल्या 'पेनसेड'मध्ये 1.5 टक्के डायक्लोफिनॅकसोबत तब्बल 45.5 टक्के डीएमएसओ आहे. एका गुडघ्याला 40 थेंब, दिवसातून चार वेळा. त्वचा कोरडी पडणं ही त्याची नेहमीची तक्रार. शिवाय शरीरात त्याचं डायमिथाइल सल्फाइड होतं आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. एवढं सोसायला पेशंट तयार आहे का, हे फ्लक्सच्या आलेखात दिसत नाही.

प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ओलिक ॲसिड ही जोडी मला जास्त कामाची वाटते. ओलिक ॲसिडची वाकडी साखळी लिपिडची रचना विस्कटते, ग्लायकॉल औषधाला त्वचेत विरघळायला मदत करतं. दोघं मिळून एकट्या-एकट्यापेक्षा बरंच जास्त साधतात. एक-दोन टक्के ओलिक ॲसिडपासून सुरुवात करा, वाढवत नेलं तर त्वचा लाल होते. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून साध्या जेलऐवजी इमल्जेल (तेलाचे बारीक थेंब मिसळलेलं जेल) करा. जेल घट्ट करायला कार्बोमर वापरणार असाल तर दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा: सोडियम क्षाराने जेल पातळ होतं, आणि पीएच घसरला तर डायक्लोफिनॅक ॲसिड बाहेर पडून जेल रवाळ लागतं.

मेंथॉल आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कितीतरी जेलमध्ये असतंच, सोबत मिथाइल सॅलिसिलेट आणि जवसाचं तेल. ते औषधाची वाट मोकळी करतं हे खरं, पण थंडावा वाटला की पेशंटला औषध लागू पडल्यासारखं वाटतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना मिथाइल सॅलिसिलेटवालं जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एझोन हा आणखी एक एन्हान्सर, तो एक ते तीन टक्क्यांतच काम करतो; मात्र बाजारात जाणारं जेल करायचं असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता फ्लक्सबद्दल. फ्रान्झ सेलमध्ये (त्वचेचा तुकडा मध्ये लावून किती औषध पार होतं ते मोजायचं उपकरण) उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा बरीच जास्त औषध सोडते. डुकराच्या कानाची त्वचा आपल्याला जवळची. आणि त्वचेखालच्या रिसेप्टर कप्प्यात उतरलेलं औषध म्हणजे शरीरात रक्तात जाणारं. निकोटिनच्या पॅचला तेच हवं असतं, गुडघ्याच्या जेलला नाही. 1 टक्का डायक्लोफिनॅक जेल एका गुडघ्याला दिवसाला 16 ग्रॅम लावलं, तर रक्तातलं प्रमाण गोळीच्या सुमारे 6 टक्केच राहतं, आणि पोटाच्या दृष्टीने हाच तर जेलचा फायदा. म्हणून प्रयोग संपल्यावर त्वचेत किती औषध अडकून राहिलं तेही मोजा.

डीएमएसओची बॅच तुलनेपुरती करा. एन्हान्सर नसलेली बॅच मात्र चुकवू नका, नाहीतर एन्हान्समेंट रेशो (एन्हान्सरमुळे फ्लक्स किती पट झाला तो आकडा) काढायला भागाकार कशाने करणार?