जमिनीखालची कंपनी आणि शाळेमागची संस्था: लँकशरमध्ये घर घेताना

भाच्याला इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या इस्पितळात कायमची नोकरी लागली आणि तो शेजारच्या फाइल्ड भागात घर पाहायला लागला. एक पसंतही पडलं. मग वकिलाने जागेचे शोध-अहवाल पाठवले, त्यात एका पानावर ओळ होती : ही मालमत्ता तेल-वायू परवान्याच्या क्षेत्रात येते. त्याच शनिवारी मुलीसाठी शाळा पाहायला गेला, तर फाटकावरच्या फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अमुक अकॅडमी ट्रस्टचा भाग’, म्हणजे शाळा चालवणारी एक संस्था. रात्री फोन आला. “मामा, खाली कंपनी, वर कंपनी. यातल्या कशाला जास्त घाबरायचं?”

मी सांगितलं, परवान्याला कमी घाबर. शाळेचे हिशेब वाच. त्याला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. याच पेचात असलेली आणखी चार मराठी घरं इथे आहेत.

आधी परवाना. ब्रिटनमध्ये जमीन तुमची असली तरी खालचा तेल-वायू राजसत्तेचा, हे १९३४ च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. २०१५ च्या कायद्याने तर ३०० मीटरच्या खाली आडवं ड्रिलिंग करताना वरच्या घरमालकाची परवानगीही लागेनाशी झाली. ऐकायला भयंकर आहे. पण ब्लॅकपूल आणि प्रेस्टनच्या मधल्या रस्त्यावर काय झालं ते पाहा. २०११ मध्ये प्रीस हॉलला क्वाड्रिला कंपनीने फ्रॅकिंग केलं (खोल खडकात प्रचंड दाबाने पाणी सोडून, तो फोडून वायू काढणं) आणि एप्रिलमध्ये २.३ तीव्रतेचा धक्का बसला. पुढे प्रेस्टन न्यू रोडवर परवानगी मागितली, ती लँकशर काउंटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, जून २०१५ मध्ये नाकारली. ऑक्टोबर २०१६ मध्ये लंडनमधल्या मंत्र्याने, साजिद जाविद यांनी, ती देऊन टाकली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काम सुरू झालं, २६ ऑगस्ट २०१९ ला २.९ चा धक्का बसला आणि त्याच नोव्हेंबरात सरकारने फ्रॅकिंग थांबवलं. पंतप्रधान लिझ ट्रस यांनी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये स्थगिती उठवली, त्यांच्यानंतर आलेल्या सुनक यांनी पुढच्याच महिन्यात परत लावली. लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात कायमची बंदी कबूल केली.

या सगळ्यात कंपनीला काय हवं होतं, हे कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. तिला वायू विकून नफा हवा होता. भरपाईचा आकडासुद्धा उघड होता : एका विहिरीमागे १ लाख पौंड. प्रेस्टन न्यू रोडला तो घरोघर वाटला गेला. एक किलोमीटरच्या आतल्या २९ घरांना प्रत्येकी २,०७० पौंड आणि त्यापलीकडे दीड किलोमीटरपर्यंतच्या २५९ घरांना १५०. तुमच्या भिंतीला तडा गेला तर त्याची किंमत काय धरली होती, ते यावरून ओळखा. विरोधही तितकाच उघड होता. रस्त्याच्या कडेला पिवळी वस्त्रं घालून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या बायका स्वतःला ‘नाना’ म्हणवतात. आपल्याकडे नाना म्हटलं की धोतर-टोपीतले गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. लँकशरमध्ये नाना म्हणजे आजी, आणि या आज्यांनी कंपनीला जेरीस आणलं.

आता शाळा. महाराष्ट्रात वाढलेल्याला इंग्लंडची अकॅडमी समजायला सोपी आहे : ती आपली खासगी अनुदानित शाळा. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. कौन्सिलची शाळा म्हणजे साधारण जिल्हा परिषदेची. इथेही संस्था कायद्याने धर्मादाय आहे, नफा वाटून घेऊ शकत नाही, आणि फी नाही. जमीन बहुधा कौन्सिलकडून १२५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. टोनी ब्लेअर यांच्या काळात पहिल्या अकॅडमी २००२ मध्ये उघडल्या. तेव्हा पुरस्कर्त्याने, म्हणजे शाळा हाती घेणाऱ्या धनिकाने किंवा संस्थेने, साधारण २० लाख पौंड घालायचे असा रिवाज होता. २०१० च्या कायद्याने दार सताड उघडलं. आज माध्यमिक शाळांपैकी ८० टक्क्यांहून जास्त अकॅडमी आहेत. ब्लॅकपूल गावात तर माध्यमिकला कौन्सिलची शाळा शोधावी लागते. लँकशरच्या प्राथमिक शाळा मात्र अजून बऱ्याच कौन्सिलच्या किंवा चर्चच्या आहेत.

मग नफा नाही, तर धनिक लोक यात का शिरतात? गालिचे विकून मोठे झालेले लॉर्ड हॅरिस, हेज फंडवाल्यांनी (श्रीमंतांचा पैसा गुंतवणाऱ्यांनी) उभी केलेली आर्क ही संस्था, मोबाइल दुकानांच्या साखळीचे डेव्हिड रॉस. काहींना खरोखर शाळा चालवायची हौस आहे, हे मी मान्य करतो. हॅरिस आणि आर्कच्या कित्येक शाळांत गरीब घरची मुलं चांगली शिकतात. पण हौसेबरोबर सत्ता येते, आणि कंत्राटं कोणाला द्यायची तेही त्याच टेबलावर ठरतं.

इथे दोन्ही गोष्टी एका दारातून जातात, आणि हे दार मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बीपीचे माजी प्रमुख लॉर्ड ब्राउन क्वाड्रिलाचे अध्यक्ष होते. त्याच काळात, २०१० पासून, सरकारी खात्यांच्या मंडळांवर उद्योगजगतातली माणसं आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. शिक्षण खात्याच्या मंडळावर आले जॉन नॅश, खासगी गुंतवणूक क्षेत्रातले, लंडनच्या पिम्लिको अकॅडमीचे पुरस्कर्ते. २०१३ मध्ये ते लॉर्ड झाले आणि शाळाखात्याचे मंत्रीही. त्यांच्यानंतर २०१७ मध्ये आले थिओडोर अॅग्न्यू, तेही त्याच मंडळावरचे, नॉरफोकमधल्या एका अकॅडमी ट्रस्टचे संस्थापक. (अॅग्न्यू यांची विमा-सेवा कंपनी डब्ल्यूएनएसकडे गेली. मुंबई-पुणे-नाशिकच्या बीपीओत काम केलेल्यांना हे नाव सांगायला नको.) यात बेकायदा काही नाही. पण लँकशरच्या कौन्सिलचा नकार जिथे खोडला गेला आणि शाळा कौन्सिलच्या हातून जिथे काढून घेतल्या गेल्या, ते ठिकाण एकच आहे : लंडन.

फरक पुढे पडतो. प्रेस्टन न्यू रोडला धक्का बसला की तो यंत्रावर नोंदला जातो. ०.५ च्या वर गेला की काम थांबवायचं, असा नियमच होता. शाळेच्या संस्थेत धक्का बसला तर कुठे नोंदणार? वेकफील्ड सिटी अकॅडमीज ट्रस्टने सप्टेंबर २०१७ मध्ये, सत्र नुकतंच सुरू झालेलं असताना, आपल्या सगळ्या २१ शाळा सोडून देत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी शाळांची शिल्लक संस्थेच्या मध्यवर्ती खात्यात ओढली गेली होती. हेम्सवर्थच्या एकट्या शाळेचे ४ लाख पौंडांहून अधिक गेले, आणि त्यात पालकांनी कार्यक्रम करून जमवलेले पैसेही होते. अशा अनेक शाळांच्या संस्थेतल्या एकेका शाळेला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं. तिच्या नावावर काहीच नाही, त्यामुळे ती उठून दुसऱ्या संस्थेत जाऊही शकत नाही. भाच्याला मी हेच दोनदा वाचायला लावलं.

पालकांचा आवाज म्हणाल तर नियम असा : दोन निवडून आलेले पालक, एकतर संस्थेच्या मुख्य मंडळावर किंवा प्रत्येक शाळेच्या स्थानिक समितीवर. काही संस्थांनी स्थानिक समित्या गुंडाळल्या की वीस शाळांना मिळून दोन पालक उरतात. पिम्लिकोत मार्च २०२१ मध्ये केसांचे नियम, अभ्यासक्रम आणि शाळेवरचा ब्रिटिश झेंडा यांवरून मुलंच मैदानात उतरली. काही आठवड्यांत मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला. म्हणजे दबाव चालतो, पण तिथवर जावं लागलं.

कौन्सिलच्या शाळेचं मी कौतुक करत बसणार नाही. ती आपले वार्षिक हिशेब सहसा प्रसिद्ध करत नाही. ट्रस्टला करावे लागतात. ३१ ऑगस्टला वर्ष संपतं, ३१ जानेवारीपर्यंत हिशेब संकेतस्थळावर यावे लागतात, आणि कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरही ते फुकट मिळतात. म्हणजे संशय घ्यायची सोय उलट अकॅडमीतच जास्त. शाळा पाहायला गेलात की प्रयोगशाळा दाखवतात, रंगमंच दाखवतात. हिशेब कोणी दाखवत नाही. त्यात तीन जागा पाहा. ‘संबंधित व्यक्तींशी व्यवहार’ हे टिपण, म्हणजे विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या कंपनीला काय दिलं. ६० हजार पौंडांवर पगार किती जणांना, आणि सर्वात वरचा किती (हॅरिस संस्थेच्या प्रमुखाचा साडेचार लाखांच्या वर गेला होता). आणि शाळांची शिल्लक एकत्र केली आहे का.

तर निवड कशी करायची? परवान्याच्या ओळीमुळे घर सोडू नका. विहीर किती दूर आहे आणि बंद केली आहे की नाही, ते वकिलाला विचारा आणि पुढे चला. कायमच्या बंदीचा कायदा येईपर्यंत सरकार बदललं की वारा बदलतो हे खरं, पण तिथे नाना जाग्या आहेत. शाळेबाबत मात्र मुलीची सात वर्षं जाणार आहेत. संस्था पाच-सहा शाळांची, जवळच्या गावांतली, स्थानिक समिती शाबूत असलेली असेल तर मी बिनदिक्कत घालीन. दोनशे मैलांवर मुख्यालय असेल आणि ‘संबंधित व्यक्ती’ या टिपणाला दोन पानं लागत असतील, तर दहा मिनिटं लांबची कौन्सिलची शाळा बरी, इमारत जुनी असली तरी.

भाच्याने रात्रपाळीनंतर सत्तरेक पानांचा हिशेब वाचून काढला. एका विश्वस्ताच्या कंपनीला इमारत-देखभालीचे पैसे गेलेले सापडले, रक्कम लहान. त्याने शाळेला ईमेल करून विचारलं की निविदा काढली होती का. उत्तर अजून आलेलं नाही. माध्यमिक शाळेचा अर्ज भरायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर.