जस्ट वन, व्हिडिओ कॉलवर: काही महिने खेळल्यानंतर

व्हिडिओ कॉलवर जुना ग्रुप जमला की पाचव्या मिनिटाला 'बाकी काय मग?' सुरू होतं. त्यावर उपाय म्हणून आम्ही हाउजी करून पाहिला, तो पैसे कोण गोळा करणार यावर बंद पडला. अंताक्षरीही करून पाहिली, पण कोरस धरला की प्रत्येकाचा आवाज अर्धा सेकंद मागेपुढे, सगळा विचका. गेल्या पावसाळ्यात 'जस्ट वन' सुरू केला आणि तो मात्र टिकलाय. अजून शनिवारी रात्री कोणी ना कोणी 'आज आहे ना?' विचारतंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लुडोविक रूडी आणि ब्रुनो सॉटर यांनी रचलेला हा खेळ २०१८ मध्ये आला आणि २०१९ चा 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. तीन ते सात जण खेळतात आणि सगळे एकाच बाजूने. एक जण ओळखणारा. त्याला शब्द दिसत नाही, बाकीच्यांना दिसतो. बाकीचे एकमेकांना न विचारता प्रत्येकी एकच शब्द खूण म्हणून लिहितात. ओळखणाऱ्याला दाखवण्याआधी सगळ्या खुणा ताडून बघायच्या आणि दोघांनी तीच खूण लिहिली असेल तर दोन्ही बाद. उरतील त्यांवरून ओळखायचं. एका डावात १३ कार्डं. बरोबर आलं तर एक गुण, 'पास' म्हटलं तर ते कार्ड गेलं, आणि चुकलं तर ते कार्ड जातंच, वर गठ्ठ्यातलं पुढचंही जातं.

सगळी गंमत त्या 'बाद'मध्ये आहे. 'लोणावळा' आला होता तेव्हा तिघांनी 'चिक्की' लिहिलं. तिन्ही उडाल्या. उरलं 'घाट' आणि 'धुकं', ओळखणारा ठामपणे म्हणाला 'महाबळेश्वर', आणि दोन कार्डं गेली. पुढच्या वेळी 'गणपती' आला तर 'मोदक' सगळेच लिहिणार म्हणून कोणीच लिहिलं नाही, सगळे शहाणे होऊन 'उंदीर'वर आदळले. म्हणजे सोपी खूण द्यावी तर ती उडते, अवघड द्यावी तर समोरच्याला उमगत नाही. मग तुम्ही शब्दाचा विचार सोडून माणसांचा करायला लागता: ही बाई काय लिहील, तो आळशी कुठवर जाईल. इतकी वर्षं ओळखत असलेल्या लोकांबद्दल असा विचार मी आधी कधी केला नव्हता.

आता ऑनलाइनचं. बोर्ड गेम अरेना या ऑनलाइन खेळांच्या वेबसाइटवर हा खेळ आहे, पण आम्हाला मराठी शब्द हवे होते, म्हणून साध्या व्हिडिओ कॉलवर कागद आणि जाड मार्कर घेऊन बसतो. ओळखणारा हेडफोन काढून खुर्ची फिरवतो, शब्द कॅमेऱ्यासमोर धरला जातो, सगळे लिहितात आणि एकदम कागद वर करतात. सारखे असतील ते खाली. मग ओळखणाऱ्याला फोनवर मिस्ड कॉल देऊन परत बोलवायचं. ऐकायला गावठी वाटेल, पण कोणत्याही अॅपपेक्षा भारी चालतं, कारण कागद वर होतानाचे चेहरे बघायला मिळतात.

यात काही गोष्टी अनुभवाने कळल्या. व्हर्च्युअल बॅकग्राउंड बंदच ठेवा, नाहीतर पांढरा कागद त्यात अर्धा गायब होतो आणि 'फराळ'चा 'राळ' दिसतो. स्वतःच्या स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसली तरी समोरच्यांना सुलटी दिसतात. हे आम्ही एकाला दर शनिवारी सांगतो. आणि खुणा ताडताना तोंड बंद. हेडफोन काढला तरी लॅपटॉपच्या स्पीकरवरून 'अरे, तू पण चिक्की?' गेलं की तो शब्द वाया. आता सारख्या खुणा निघाल्या की फक्त दोन बोटं दाखवायची असं ठरलंय.

शब्दांचं म्हणाल तर मूळ खोक्यात ११० कार्डं, प्रत्येकावर पाच शब्द, आणि ओळखणारा न बघता एक ते पाचमधला आकडा सांगतो. आम्ही तीच पद्धत उचलली. प्रत्येकाने घरून पाच-पाचच्या याद्या करून आणायच्या. आपल्याच यादीतला शब्द आपल्याला ओळखायला येऊ नये म्हणून शेजारच्याची यादी. 'शेजारचा' म्हणजे स्क्रीनवरचा नाही, तो प्रत्येकाकडे वेगळा दिसतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रम लिहून ठेवलाय. मूळ नियमानुसार एकाच कुळातले शब्द सारखेच धरायचे आणि शब्दाचं दुसऱ्या भाषेतलं रूप खूण म्हणून चालत नाही. मराठीत हे पहिल्याच दिवशी लागलं. 'पाऊस' आणि 'पावसाळा' दोन्ही बाद, हे सगळ्यांना पटलं. 'शिवबा' आणि 'शिवराय' यांवर मात्र वीस मिनिटं गेली. तेव्हापासून ठरलं: शंका आली की बाद. चर्चा डाव संपल्यावर.

सर्वात भारी खेळणारी व्यक्ती आमच्यातली नाहीच. एका मित्राची आई एकदा सहज शेजारी येऊन बसली. 'परीक्षा' हा शब्द होता. आम्ही सगळे 'पेपर'वर धडकलो. काकूंनी लिहिलं 'दहीसाखर'. एकच खूण उरली आणि ओळखणाऱ्याने वाचताक्षणी सांगितलं. काकू आता कायमच्या आहेत, आणि त्या असल्या की आमच्या कॉलेजच्या आतल्या खुणा बंद होतात हे फार बरं झालं. कारण या खेळाचा खरा दोष तोच आहे: काही महिन्यांनी ग्रुपची खाजगी भाषा तयार होते. मेसमधल्या एका महाराजांचं नाव लिहिलं की आम्हाला 'कढी' कळते, नव्या माणसाला काय कळणार? नवा कोणी आला की असल्या खुणा लिहायच्या नाहीत, हे आधीच ठरवून टाका.

कोडनेम्स या खुणेवरून शब्द ओळखायच्या दुसऱ्या खेळाशी तुलना होणारच. तो २०१५ चा, व्लादा ख्वातिलचा, आणि ऑनलाइन खेळायला सोपा: लिंक पाठवा, सुरू. उत्तम खेळ आहे. पण खूण देणारा पंचवीस शब्दांकडे टक लावून बसला की बाकीचे कॅमेरा बंद करून चहा टाकायला जातात. शिवाय दोन गट असल्याने नवरा-बायको समोरासमोर आले की रविवारपर्यंत पडसाद. जस्ट वनमध्ये सगळे एकाच वेळी लिहितात, रिकामं कोणी बसत नाही. आणि हरलो तर सगळेच हरतो, त्यामुळे शिव्या वाटून घेता येतात.

वेळ जमवणं हा वेगळाच प्रकार. पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात डब्लिनला पाच आणि न्यू जर्सीत दुपारचे बारा. त्यांची घड्याळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक तास मागे जातात, तेही दोन्हीकडे वेगवेगळ्या रविवारी, त्यामुळे मधला एक शनिवार हमखास फसतो. एक डाव साधारण अर्ध्या तासात उरकतो, म्हणून न्यू जर्सीवाल्याच्या घरच्यांची अजून तक्रार नाही.

गुणांचं सांगायचं तर तेरापैकी तेरा आम्हाला कधीच जमले नाहीत. नऊ-दहावर अडकतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच: 'पास' म्हणायला कोणी तयार नसतं. दोन खुणांवर अंदाज ठोकायचा आणि पुढचं कार्डही घालवायचं. नव्याने सुरू करणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला, पहिल्या दिवसापासून पास म्हणायला शिका.

किती जण असावेत? पाच-सहा असतील तर सर्वोत्तम. सात झाले की सोप्या खुणा हमखास उडतात आणि स्क्रीनवरचे कागद वाचायला डोळे ताणावे लागतात. चौघांत उलट, बिनधास्त 'मोदक' लिहिता येतं. तिघं असाल तर नियमानुसार प्रत्येकाला दोन-दोन खुणा लिहाव्या लागतात. चालतं, पण तेवढी मजा नाही. आणि दोघंच असाल तर याच्या नादी लागू नका, कोडनेम्स ड्युएट घ्या. तो दोघांनी मिळून खेळायलाच काढलाय.