पाचट जाळावे, सरीत ठेवावे की कुजवावे? खोडव्याचा निर्णय करण्यापूर्वी

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात ऊस तोडून टोळी पुढच्या फडाकडे गेली आणि वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांपुढे पडले, की रानात एकरी 3 ते 4 टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, उरते. ते पेटवावे, खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाच्या) सऱ्यांत पसरावे की बांधाला ढीग घालून कुजवावे, हे ठरवताना बहुतेक जण मजुरी आणि सवड पाहतात. ते चुकीचे नाही. मात्र मातीतील जिवाणू आणि बुरशी यांच्या वाट्याला किती कर्ब आणि किती नत्र येते, यावरून या तीन वाटांचे परिणाम वेगळे होतात.

3 टन पाचटात सुमारे सव्वा टन कर्ब असतो आणि नत्र जेमतेम 13 किलो, म्हणजे युरियाच्या एका 45 किलोच्या पोत्यात असते त्याहूनही कमी. सूक्ष्मजीवांच्या स्वतःच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असते, आणि खाल्लेल्या कर्बापैकी बराचसा ते श्वसनात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सोडून देतात; हे लक्षात घेता त्यांना 24 ते 25 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असलेले अन्न पुरेसे ठरते. पाचटात हेच प्रमाण 90 ते 100 च्या घरात असल्याने कुजण्याच्या पहिल्या टप्प्यात ते मातीतील नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा दिसू लागतो. हे नत्र हरवलेले नसते; सूक्ष्मजीव मरतात किंवा आदिजीव आणि सूत्रकृमी त्यांना खातात, तसे ते पुन्हा पिकाला मिळते. पण तोवर फुटव्यांचा काळ निघून जाऊ शकतो.

पाचट जाळल्यास ही ओढाताण उद्भवत नाही, रान एका दिवसात मोकळे होते आणि पालाश व स्फुरद बऱ्याच अंशी राखेत राहतात. परंतु कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते, आणि वर्षानुवर्षे हेच केल्यास मातीतील सूक्ष्मजीवांना मुळांखेरीज फारसे खाद्य उरत नाही. आगीची धग मातीच्या वरच्या थोड्याच थरापर्यंत पोहोचते, त्यामुळे एका आगीने जमीन मरते असे म्हणणे अतिशयोक्त होईल. नुकसान साचत जाते ते उपासमारीने.

सरीतील आच्छादनाचे पारडे माझ्या मते जड आहे, पण ते अटींसह. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पद्धतीत टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू संवर्धन पाचटावर टाकतात. शिफारस सीमेपलीकडची असली, तरी कृष्णाकाठची काळी माती दोन्हीकडे सारखीच आहे. 8 किलो युरियात नत्र सुमारे पावणेचार किलो असते, म्हणजे नत्राची सगळी तूट त्याने भरत नाही. कुजण्याला सुरुवात करून देण्यापुरतीच ती मात्रा आहे. युरिया पाचटावर कोरडाच राहिला, तर तेथील युरिएज विकर त्याचे अमोनियात रूपांतर करते आणि तो वायू उडून जातो, म्हणून लगेच पाणी द्यावे. पिकासाठीची खते पसरून न टाकता पहारीने बुडख्याशेजारी मातीत द्यावीत. उसाच्या आत राहून हवेतील नत्र स्थिर करणारा ग्लुकोनॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस हा जिवाणू 1988 साली ब्राझीलमध्ये नोंदवला गेला आणि आता त्याची संवर्धके विकत मिळतात. ती जोडीला वापरावीत, मात्र त्यांच्या भरवशावर युरिया बंद करू नये.

दुसरी अट निचऱ्याची. भारी काळ्या रानात पाटपाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, आणि नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर यांनी आधी तयार केलेले नायट्रेट दुसरे जिवाणू श्वसनासाठी वापरून त्याचे नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड वायूंत रूपांतर करतात. नायट्रस ऑक्साइड 100 वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवणारा आहे. त्यातही कुजणारे पाचट कर्ब पुरवून या क्रियेला जोर देते. त्यामुळे पाणथळ रानात सगळ्या सऱ्या भरण्यापेक्षा एकाआड एक सरी मोकळी ठेवून तिच्यातूनच पाणी द्यावे. ठिबक असेल तर हा प्रश्न बराच सौम्य होतो.

ढीग किंवा खड्डा करून कुजवणे हे खोडवा मोडून सोयाबीन किंवा दुसरे पीक घेणाऱ्याला सोयीचे. शेणकाला किंवा कारखान्याची मळी (प्रेसमड) मिसळून, ओल टिकवून आणि अधूनमधून वरखाली करून तीन-चार महिन्यांत खत होते. निम्म्याच्या आसपास कर्ब त्यात निघून जातो, पण उरलेल्या खतात कर्ब-नत्र प्रमाण खाली आलेले असल्याने ते घातल्यावर पीक पिवळे पडत नाही. मजुरी मात्र तिन्ही वाटांत सर्वांत जास्त हीच घेते.

खानापूरकडील तांबड्या, हलक्या रानात गणित थोडे बदलते. तेथे पाऊस जास्त असल्याने नायट्रेट झिरपून मुळांखाली जाते. पाचट कुजताना सूक्ष्मजीव जे नत्र धरून ठेवतात, ते तेथे अडचण न ठरता राखणच करते. म्हणून तेथे आच्छादन निवडावे आणि युरिया एकदम न टाकता लहान हप्त्यांत द्यावा, त्यातही पावसाची मोठी झड लागण्याच्या तोंडावर नको.