एकल पालकांसाठी घरे: टॉवर की गॅलरीची इमारत?

एकल पालक कुटुंबांसाठी शहरात घरे बांधू पाहणाऱ्या संस्थेपुढे बहुधा दोन नकाशे येतात: लिफ्टभोवती घरे रचलेला टॉवर, किंवा मधला चौक आणि त्याभोवती गॅलऱ्या असलेली तीन-चार मजली इमारत. वास्तुविशारद म्हणून मी दोन्ही प्रकारचे नकाशे काढले आहेत आणि मुलीला एकट्याने वाढवताना दोन्हींत राहिलोही आहे.

टॉवरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईतील जमिनीच्या भावापुढे उंची टाळणे अवघड असते, आणि वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या, स्वतःचे शौचालय असलेल्या घरात गेलेल्या कुटुंबाला चाळीचे गुण ऐकवणे मला उचित वाटत नाही. शिवाय घटस्फोटित स्त्रीला येता-जाता शेजाऱ्यांच्या नजरा नकोशा होतात. बंद दाराचा आडोसा ही तिची खरी गरज असते.

तरीही माझ्यापुरता निर्णय एका वरकरणी किरकोळ गोष्टीने झाला. टॉवरमधील आमच्या घरात ओट्यासमोरची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे नळांसाठी सोडलेल्या बंदिस्त पोकळीत, उघडत असे. कामावरून येऊन कुकर लावायचा, तर तेवढ्या वेळात खाली खेळणारी मुलगी दिसण्याची काहीच सोय नव्हती, आणि दाराबाहेरचा पॅसेज दिवसाही अंधारा. दोघे पालक असतील तर एक जण खाली जातो. एकट्याला मात्र रोज स्वयंपाक किंवा मुलाचे खेळणे यांतले एक निवडावे लागते, आणि बहुतेकदा मूलच घरात अडकते. गॅलरीच्या घरात आल्यावर ओट्यापाशी उभे राहून चौक दिसू लागला. मला उशीर झाला, तर मुलगी शाळेतून आल्याचे शेजारच्या काकूंना आपोआप कळे.

नीना वेस्ट होम्स या संस्थेने १९७२ मध्ये लंडनमध्ये एकल मातांसाठी उभारलेल्या फिओना हाउसमध्ये नेमकी हीच अडचण हेरली होती. तेथे घरांना जोडणारा मार्गच मुलांच्या खेळण्याची जागा होता, स्वयंपाकघरातून त्यावर लक्ष ठेवता येई, आणि एक आई बाहेर गेली तर दुसरीला तिच्या मुलाची चाहूल लागावी म्हणून घराघरांत इंटरकॉम होता.

नजरांचा त्रास नकाशातून बराच कमी करता येतो, असा माझा अनुभव आहे. स्वयंपाकघर गॅलरीकडे, झोपायची खोली मागे, आणि गॅलरी इतकी रुंद की चालणारा खिडकीला खेटून जाणार नाही, एवढे पुरते. चौकाभोवती घरेही मोजकी असावीत. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत सुमारे आठ मीटरच्या अंगणाभोवती सातच घरे ठेवली होती. मजले वाढवून चौक आक्रसू देणे मात्र घातक ठरेल: मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या दाट पुनर्वसन वसाहतींत ऊन-वाऱ्याच्या अभावाचा क्षयरोगाशी संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे.

जमीन फारच महाग असेल, तर टॉवरला पर्याय उरणार नाही, हे मान्य. अशा वेळी पाळणाघर तळमजल्यावर आणि दर काही मजल्यांमागे एक मोकळी गच्ची, एवढे तरी मागून घ्यावे. नकाशावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओट्यापासून खेळण्याच्या जागेपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढून पाहावी, आणि ती भिंतीला अडली तर ओट्याची जागा बदलायला लावावी.