पोरीच्या आरटीआर क्लासचा हिशेब

आधीच सांगून टाकतो. क्लास चांगला आहे, खुर्च्या वाईट आहेत, नोट्स जुन्या आहेत, आणि तरीही कुणी विचारलं तर मी इथंच पाठवीन. कोल्हापुरात राजारामपुरीतली एक गल्ली, वरचा मजला, डोक्यावर पत्रा. नाव मुद्दाम देत नाही. खाली तक्रारी लिहिणार आहे आणि सरांची माझी रोजची चहाची टपरी एकच आहे.

आरटीआर म्हणजे विमानातनं रेडिओवर बोलायचा परवाना. कमर्शियल पायलट व्हायचं तर तो लागतोच. पूर्वी ही परीक्षा दूरसंचार खात्याकडं होती. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि ती डीजीसीएकडं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याकडं गेली. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये मात्र अजून जुनंच खातं ठाण मांडून बसलंय. फी यंदाची आणि नोट्स कधीच्या, हे मला पटलं नाही. तसं तोंडावर बोललो. सर हसले, नोट्स तशाच राहिल्या.

मी शाहू मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या. उन्हाळ्यात हंगाम संपलेला असतो, म्हणून संध्याकाळी पोरीला सोडायला मीच जायचो. खाली गाडीत बसलेला बघून सर म्हणाले, "शेठ, डास कशाला खाताय, वर येऊन बसा." तेव्हापासून शेवटच्या बाकावर माझी जागा पक्की. त्यामुळं हे परीक्षण ऐकीव नाही.

सर स्वतः एटीसीतनं, म्हणजे विमानांना जमिनीवरनं वाट सांगणाऱ्या कंट्रोलरच्या नोकरीतनं, निवृत्त झालेले. प्लायवुडच्या फळीमागं बसतात, ते कंट्रोलर. पोरं हेडसेट घालून अलीकडं, ते पायलट. एकमेकांचं तोंड दिसत नाही. सुरुवातीचे तास रेडिओवर अक्षरं-आकडे बोलायच्या पद्धतीत, अल्फा-ब्राव्हो (ए, बी), नायनर (नऊ), फाइफ (पाच) असल्या पाठांतरात जातात. ते कुठल्याही क्लासात होईल. खरी मजा हवामानाचा भाग चालू झाल्यावर आली.

सर प्रत्येकाला कागदावर विमानाच्या रडारचं चित्र देतात: पुढं लाल डाग, डावीकडं थोडी मोकळी वाट. आणि म्हणतात, बोल. पहिल्या फेरीत निम्मी पोरं म्हणाली, "सर, पुढं ढग आहेत." फळीमागनं आवाज: "मग मी काय करू?" हशा. पण मुद्दा तोच होता. कंट्रोलरच्या पडद्यावर विमानं दिसतात. पायलटला दिसणारा ढग त्याला तसाच दिसत असेल याची खात्री नसते. ढगाच्या तोंडावर पायलट असतो आणि आजूबाजूची विमानं माहीत असतात कंट्रोलरला. म्हणून नुसतं गाऱ्हाणं सांगून भागत नाही. कोण, काय पाहिजे, कुठल्या बाजूला, किती मैल, कशामुळं, एवढं एका दमात. उत्तर लवकर पाहिजे असेल तर 'वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड', की बाकीची बडबड थांबवून तुमच्याकडं आधी बघतात.

त्यातच एक गोष्ट कळली जी मला आवडली. विमानाच्या नाकातलं रडार पाऊस दाखवतं, पण जाड पावसामागं काय आहे ते त्याला नीट दिसत नाही. सगळी ताकद अलीकडच्या पावसातच संपते. मागं मोकळं आकाश दिसलं म्हणून घुसायचं नाही. कोरड्या गाराही त्याला फिक्याच दिसतात.

मग एक दिवस वळीव आला. पत्र्यावर असा बडवला की शेजारच्याचं ऐकू येईना, आणि लाइट गेली. मला वाटलं सुट्टी. सरांनी बॅटरीवरचा संच चालू केला आणि म्हणाले, आता खरा क्लास. उजळाईवाडीला, आपल्या विमानतळावर, उतरताय असं समजा: वारा २६० अंश १५ नॉट, दृश्यमानता १५०० मीटर, क्यूएनएच (उंची मोजायच्या यंत्रात लावायचा हवेचा दाब) १००६. परत बोला. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, त्याला रीडबॅक म्हणतात. सौद्यात भाव पुकारला की लिहिणारा तो परत मोठ्यानं बोलतो, तसंच. मी मनात म्हटलं, हे तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतोय.

सरांनी तो माज लगेच उतरवला. २३ मे २०२२, पॅरिसचा विमानतळ, खराब हवा. कंट्रोलरनं एका ए३२० विमानाला तोच हवेचा दाब, क्यूएनएच, १०११ सांगितला. खरा होता १००१. वैमानिकांनी १०११ असंच, अगदी बरोबर, परत म्हणून दाखवलं. दहाचा फरक म्हणजे उंचीत पावणेतीनशे फुटांच्या आसपास घोळ. ढगात धावपट्टी दिसत नव्हती आणि विमान जमिनीपासून ६ फुटांवर आलं, धावपट्टी अजून दीड किलोमीटर लांब असताना. तेवढ्यात त्यांनी विमान वर घेतलं म्हणून वाचले. रीडबॅक पक्का, आकडाच चुकीचा. म्हणून सर पोरांना मधूनच मुद्दाम चुकीचा दाब देतात. आधीच्या मेटारशी, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालाशी, ताडून बघून जो विचारतो, "पुन्हा सांगा", त्याला शाबासकी. जो घोकल्यासारखा परत म्हणतो, त्याला फळीमागनं फक्त शांतता. हा प्रकार लई भारी. फी तिथंच वसूल झाली.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे 'अनेबल', रेडिओवरचं 'जमणार नाही'. आपल्याकडची पोरं मोठ्या माणसाला नाही म्हणायला शिकलेली नसतात. माझी पोरगी तर घरात भांडते आणि बाहेर गाय. सर फळीमागनं दरडावून सांगतात, सरळ जा. समोर लाल डाग. सगळे म्हणतात, येस सर. सर मग १९९० चं एव्हियान्का या कोलंबियाच्या कंपनीचं विमान सांगतात. २५ जानेवारी, न्यूयॉर्क, खराब हवेमुळं तासाच्या वर आकाशात घिरट्या. इंधन संपत आल्याचं ते बोलले, पण आणीबाणी अशी कधी जाहीरच केली नाही. लाँग आयलंडवर पडलं, ७३ माणसं गेली. आता नियम चोख आहेत: उतरण्याची जागा ठरली आणि यापुढं उशीर परवडणार नाही, तर 'मिनिमम फ्युएल', राखीव साठ्यालाच हात लागणार असेल, तर 'मेडे' (आणीबाणीची हाक) तीनदा आणि पुढं 'फ्युएल'. नुसतं 'मिनिमम फ्युएल' म्हटल्यानं आपोआप आधी नंबर लागत नाही, हे निम्म्या वर्गाला माहीत नव्हतं.

आणि समोरचाच नाही म्हणाला तर? इथं सर २१ मे २०२५ चं दिल्ली–श्रीनगर इंडिगो घेतात. डीजीसीएनं स्वतः जाहीर केलेली हकीकत आहे. वैमानिकांनी ढग टाळायला डावीकडं, पाकिस्तानच्या सरहद्दीकडं वळायची परवानगी मागितली, मिळाली नाही. लाहोरकडं विचारलं, तिथंही नकार. मागं फिरायचा विचार केला तोवर ढग जवळ आला होता. गारांतनं गेले, एका क्षणी मिनिटाला साडेआठ हजार फुटांच्या वेगानं खाली आले, पुढं श्रीनगरला 'पॅन-पॅन' (मेडेच्या खालची, तातडीची हाक) देऊन सुखरूप उतरले. नाकाचा चेंदामेंदा, माणसं सगळी धड. यावर वर्गात वाद पेटला. एक पोरगा म्हणाला, सरहद्द गेली खड्ड्यात, वळायचं. दुसरी म्हणाली, त्या दिवसांत? पाकिस्तानशी संघर्ष झाला त्या मे महिन्यात? सरांनी निकाल दिला नाही. फक्त विचारलं, "मागं फिरायचं पहिलं वाक्य किती मैल आधी बोलला असता?" पोरगी घरी येऊन जेवताना तेच बोलत होती. "पप्पा, नकार येणार असं धरूनच आधी विचारायचं." मी म्हटलं, फीबद्दल पण असंच विचारायला पाहिजे होतं.

आता तक्रारी. बॅच फार मोठी घेतात, शेवटच्याचा नंबर येईपर्यंत जेवायची वेळ होते. दोन हेडसेट नुसते खरखरतात. सर म्हणतात, खऱ्या रेडिओतपण खरखर असते. ही पळवाट आहे, सर. बाथरूमबद्दल न लिहिलेलं बरं. फी एकदम भरू नका. दोन हप्ते म्हटलं की आधी नाही म्हणतात, मग घेतात.

शक्यतो एप्रिलची बॅच धरा, वळवाचे तास मिळतील. हेडसेट घरचा न्या. दुचाकी गल्लीच्या तोंडाला लावू नका, समोरचा दुकानदार हवा सोडतो.